खिचडी कशी शिजवावी: नव्या बाईंसाठी सोपी मार्गदर्शिका

ताई, सर्वप्रथम अभिनंदन. तुमसर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ म्हणून तुमची निवड झाली आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव झाला, रजिस्टरवर सह्या झाल्या, चहा झाला. हे पदनाम नीट वाचून घ्या, कारण यापुढं ते कागदाबाहेर दिसणार नाही. गावात तुम्ही ‘खिचडीवाली बाई’. देशभरात तुमच्यासारख्या सुमारे २५ लाख आणि महाराष्ट्रात दीड लाखाहून अधिक आहेत. एवढ्या मोठ्या खात्यात भरती झाल्याबद्दल पुन्हा एकदा अभिनंदन.

ही मार्गदर्शिका अगदी नवख्या बाईसाठी आहे. भात शिजवता येतो हे आम्ही गृहीत धरतो. तुमसरच्या बाईला तो शिकवायला जाणं म्हणजे जरा जास्तच होईल. बाजार समितीत धानाचे ढीग आणि रस्त्याच्या दुतर्फा राईस मिल असलेल्या गावात तुम्ही जन्मलात. बाकीचं मात्र शिकावं लागतं.

पात्रता

गरजू असावं. विधवा, परित्यक्ता, मागास घटकातली बाई असेल तर प्राधान्य. स्वतःचं लेकरू त्याच शाळेत असेल तर उत्तम. पण यात एक मेख आहे, ती आधीच सांगतो. लेकरं मोठी होतात. उत्तर प्रदेशात बस्ती जिल्ह्यातल्या एका बाईनं महिना १००० रुपयांवर चौदा वर्षं शाळेत स्वयंपाक केला. मग नवा नियम आला की जिचं मूल शाळेत शिकतं तिला प्राधान्य, आणि तिला काढून टाकलं. बाई अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०२० ला न्यायालयानं निकाल दिला की एवढ्या पैशात काम करून घेणं ही वेठबिगारी आहे, संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदात ती निषिद्ध आहे, आणि या बायकांना किमान वेतन द्या. निकाल वाचायला छान आहे. तुमच्या शाळेत पोचायला त्याला वेळ लागतोय एवढंच.

साहित्य

पहिली ते पाचवीच्या मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं निघाली पाहिजेत. सहावी ते आठवीला तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३०, भाजी ७५, तेल साडेसात, आणि निघायला हवेत ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिनं. उष्मांक कसे मोजायचे ते कुणी शिकवत नाही, त्यामुळं गंजात डोकावून अंदाज घ्यावा. तांदूळ सरकार फुकट देतं. तांदूळ सोडून बाकीच्या सामानासाठी आणि इंधनासाठी केंद्राचा दर मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे. बाजारात भाजी महागली की त्या दिवशीच्या भाजीत सांभार (कोथिंबीर) जरा जास्त टाकावा, हिरवं दिसतं.

याशिवाय गंज, सराटा, सूप, दोन बादल्या, घासणी. गॅस असेल तर नशीब. नसेल तर काड्या आणा. कुठून आणायच्या, हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला कुणी समितीच्या सभेला बोलावत नाही.

कृती

दहाला पोचा. त्याआधी स्वतःच्या घरचं चूल-पाणी, गुरं, पोरांचे डबे आटोपलेले असावेत. शाळेत बोअर असेल तर पाणी भरा, बंद असेल तर शेजारच्या घरून आणा. तांदूळ सुपात घ्या. खडे, कोंडा आणि कधीमधी सोंडे निघतात. पटावर शंभर मुलं असतील तर हे १० किलो तांदळाचं काम आहे, ते पाच मिनिटांत होत नाही. पावसाळ्यात पोतं भिंतीला लागून ठेवलेलं असेल तर खालचा थर हातानं उलटून बघा. हात आत घातला की ओलसर, किंचित उबदार लागलं तर तो तांदूळ बाजूला काढा आणि सरांना सांगा. सर म्हणतील, बघतो. मग तुम्हीच ठरवा.

चुलीवर गंज चढवला की दोघी लागतात, दोन्ही बाजूंनी धरायला. शिजलेला भात कोरड्या तांदळाच्या अडीच-तीन पट भरतो, म्हणजे उतरवताना पंचवीस-तीस किलोचा उकळता ऐवज दोन पदरांच्या आधारानं खाली यायचा आहे. पदर ओला करून घ्या. एखादीची कंबर धरली तर त्या दिवशी दुसरीनं काय करायचं, हे मार्गदर्शिकेत नाही.

इथंपर्यंत हे ‘खिचडी’चं झालं. २०२४ साली सरकारनं ताट सुधारलं. नुसता भाताचा प्रकार नको, सोबत मोड आलेली कडधान्यं, शिवाय खीर किंवा नाचणी सत्त्व. मुलांसाठी फारच चांगली गोष्ट, आमचा तिला मनापासून पाठिंबा आहे. एकाच्या जागी तीन पदार्थ आले. चूल तीच, बाया त्याच, मानधन तेच. मटकी आदल्या दिवशी भिजवायची, बांधायची, उन्हाळ्यात आंबू द्यायची नाही. ही भिजवणूक आदल्या दिवसाच्या कामात मोजायची की दुसऱ्या, असा प्रश्न पडला तर तो मनातच ठेवा. आठवड्याला अंडंही सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला आणि लोकसहभागातून करावं असं ठरलं. लोक म्हणजे कोण, हे गावात तुम्हाला माहीतच आहे.

वाढण्याआधी अर्धा तास चव घ्यायची. गुरुजी घेतात, पालकांपैकी कुणी घेतं, रजिस्टरला नोंद होते. हा नियम हसण्यावारी नेऊ नका. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. तेलात कीटकनाशक होतं. तेलाचा वास बरा नाही असं स्वयंपाकिणीनं आधी म्हटलं होतं, अशा बातम्या तेव्हा सगळीकडं आल्या. तरी त्याच तेलात भाजी झाली. मुख्याध्यापिकेला पुढं २०१६ मध्ये शिक्षा झाली. सामान वाईट आहे, मी शिजवणार नाही, असं ठणकावून म्हणायला पाठीशी काहीतरी असावं लागतं. नियुक्तीपत्र असलेली बाई ते म्हणू शकते. समितीच्या मर्जीवर असलेली बाई एकदा सांगते आणि गप्प बसते. नोकरीची हमी हा बायकांच्या सोयीचा विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

बाया किती?

हे गणित सोपं आहे. २५ मुलांपर्यंत एक बाई. २६ ते १०० पर्यंत दोन. पुढं दर शंभरामागं एक वाढते. म्हणजे २६ मुलांना दोघी आणि १०० मुलांनाही दोघीच. शंभर मुलांपर्यंत कुणी तक्रार करत नाही आणि १०१ वा प्रवेश झाला की गावात आनंद होतो, कारण तिसरी बाई मागता येते.

उलटी बाजू जास्त महत्त्वाची. पट २६ वरून २५ वर आला की दोघींपैकी एक घरी. कोणती, ते समिती ठरवणार. दोघी कित्येकदा एकाच मोहल्ल्यातल्या, कधी एकाच घरातल्या जावा. आपल्याकडं लहान गावांच्या शाळा पंचविसाच्या आतबाहेर झुलत असतात. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावापर्यंत यायला लागली की एका सत्रात चार पोरं जातात. म्हणून अनुभवी बाई पटाकडं डोळे लावून असते. गावात कुणाची सून बाळंत झाली याची खबर तिला आशाताईच्या आधी असते. पण ते बाळ पहिलीत यायला सहा वर्षं लागतात, तोवर पंचविसावर एक धरून ठेवणं हे तुमचं काम. मे-जूनमध्ये गुरुजींसोबत घरोघर फिरा. ‘आमच्या शाळेत धाडा, मी शिजवते ना’ असं म्हणा. याचे पैसे नसतात, पण याच्यावर पैसे अवलंबून असतात.

इतर किरकोळ कामं

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिपाई नसतो. शाळेची किल्ली, झाडू, घंटा, पाण्याची टाकी, परसबागेतली वांगी, पंधरा ऑगस्टची रांगोळी, अधिकारी आले की चहा, निवडणुकीला शाळेत केंद्र आलं की मुक्कामी साहेबांचं जेवण. ही कामं करायला कुणी तरी लागतंच. आजूबाजूला बघा. गुरुजी ऑनलाइन माहिती भरताहेत. पोरं अभ्यास करताहेत, निदान करायला हवीत. उरलं कोण?

खासगी अनुदानित माध्यमिक शाळांत शिपाई होते. तिथंही ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं नवी चतुर्थश्रेणी भरती बंद झाली आणि जागेऐवजी ‘शिपाई भत्ता’ आला, ग्रामीण भागात महिना ५००० रुपये. म्हणजे आता शिपायाची जागा नाही, भत्ता आहे. घंटा मात्र रोज वाजते. तुम्हाला वाटत असेल की या भत्तेवाल्याला आपल्या दुप्पट मिळतात. बरोबर. एकमेकांकडं बघून समाधान मानायची सोय सरकारनं करून ठेवली आहे.

मानधन: हा भाग सावकाश वाचावा

तुम्हाला महिना २५०० रुपये मिळतील. आधी १००० होते, २०१९ ला १५०० झाले, २०२३ ला २५००. त्याच २०२३ मध्ये शिक्षणसेवकांचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजारांवर गेलं. तेही कमीच आहे, त्यांच्याशी भांडू नका. तुमच्या २५०० मध्ये केंद्राचे ६०० आणि राज्याचे १९०० आहेत.

आता पाटी घ्या. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ दिवसांचे झाले २४९६. म्हणजे तुमच्या महिनाभराच्या मानधनात रोजगार हमीचे आठ दिवस बसतात आणि वर चार रुपये उरतात. रोजगार हमी ही महाराष्ट्राचीच देणगी, १९७७ चा कायदा आपला. रस्त्याची माती टाकणाऱ्या हाताचं मोल या राज्यानं पन्नास वर्षांपूर्वी ओळखलं. पोरांच्या ताटात वाढणारा हात अजून रांगेत आहे.

काही हुशार माणसं म्हणतील, ‘अहो, पण हे अर्धवेळ काम आहे. दोन वाजता मोकळ्या.’ त्यांना जुलै महिन्यात आपल्याकडं बोलवा. बांध्यांत चिखल झालाय, पऱ्हे तयार आहेत, टोळ्या हुंड्यानं रोवणी घेताहेत आणि शेतकरी सकाळी दारात येऊन बाया मागतो. टोळी आठला निघते. ‘दोन वाजता येते’ म्हणणाऱ्या बाईला टोळीत कोण घेणार? ही अर्धवेळ नोकरी नेमकी दिवसाचा मधला भाग खाते, आणि मजुरीच्या बाजारात विकला जातो तो हाच भाग. रोवणी गेली, निंदण गेलं, कापणीही जवळजवळ गेली. अर्धवेळ कामानं पूर्ण दिवस नेला, पैसे मात्र अर्ध्याचेही नाहीत.

दुसरी गोष्ट. मानधन दरमहा असलं तरी दरमहा येत नाही. दोन-तीन महिन्यांचं एकदम येतं, कधी दिवाळी टळून गेल्यावर. किराणावाल्याशी संबंध गोड ठेवा. ‘बिल वर गेलंय’ हे वाक्य तुम्हाला पंचायत समितीत ऐकायला मिळेल. वर म्हणजे कुठं ते विचारू नये.

तिसरी गोष्ट: भविष्य निर्वाह निधी नाही, पेन्शन नाही, बाळंतपणाची पगारी रजा नाही. आजारी पडलात तर बदली बाई तुम्हीच द्यायची आणि तिचे पैसेही तुम्हीच. कायद्याच्या भाषेत तुम्ही नोकर नाही, मानसेवी आहात. किमान वेतनाचा कायदा नोकराला लागतो. म्हणून ही पायरी आपण गाळूया.

उन्हाळा

वर्ष दहा महिन्यांचं असतं. तुमच्या बाबतीत. शाळेला सुट्टी म्हणून तुम्हाला मानधन नाही. सुट्टीचा पगार मिळणारे त्याच शाळेत आहेत, पण त्यांची नेमणूक वेगळ्या कागदावर झालेली आहे. २५०० गुणिले १०, वर्षाला २५,००० रुपये. बारा महिन्यांवर पसरले तर महिना २०८३. विदर्भात शाळा उन्हामुळं राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते.

घाबरू नका, नाकाडोंगरीकडं जंगल आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडतं, पण तेव्हा शाळा सकाळची असते आणि मोहफूलही सकाळचंच वेचायचं असतं, तेव्हा ते सोडून द्या. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे चारला निघायचं, अस्वल पाहून घ्यायचं, दहापर्यंत पानं तोडून घरी यायचं, पुडके बांधायचे. शासनानं तुमच्या दोन बिनपगारी महिन्यांची सोय निसर्गाकडं सोपवली आहे.

नेहमीच्या शंका

*दुसऱ्या राज्यांत काय देतात?* हा प्रश्न नवख्या बाईनं विचारू नये, झोप उडते. केरळात कामाच्या दिवसाला सहाशे रुपयांहून जास्त देतात, तुमचा महिना तिथं साधारण चार दिवसांत भरतो. हरियाणात महिना सात हजार. तमिळनाडूत या बायकांना वेतनश्रेणी आहे. मुलं तिकडंही तेवढंच खातात. तेव्हा ‘पैसा नाही’ हे उत्तर मिळालं तर ते खरं मानायचं कारण नाही. कुठल्या राज्यानं कशाला आधी पैसा द्यायचा ठरवलं, एवढाच तो फरक आहे.

*मग सोडून का देत नाहीत?* गावात बाईला नावानिशी हजेरीपटावर असलेलं दुसरं काम कुठं आहे? शाळा घराजवळ आहे. पोरं नजरेसमोर असतात. आणि जूनमध्ये पहिलीत आलेलं एखादं घाबरं पोर पहिले आठ दिवस बाईंच्या मागंच ताट घेऊन उभं राहतं, त्याला कोण सोडेल? सरकारला हे पक्कं ठाऊक आहे. २५०० हा आकडा याच भरवशावर टिकला आहे.

*गुरुजींना सांगून काही होईल?* गुरुजी बहुतेक वेळा तुमच्याच बाजूचे असतात. आहाराची हजेरी, साठा, चव, भाजीचं बिल हे सगळं त्यांच्या गळ्यात आहे आणि त्यांनाही ते नको आहे. पण त्यांच्या हाती फक्त शिफारस आहे.

*भात उरला तर घरी नेता येतो का?* हा प्रश्न विचारू नका.

नागपूरला जाताना

अनुभवी बाई डिसेंबरमध्ये नागपूरला जाते. हिवाळी अधिवेशन असतं. आयटकची शालेय पोषण आहार कर्मचाऱ्यांची संघटना मोर्चा काढते, इतर संघटनाही काढतात. सकाळी तुमसर रोड, म्हणजे आपल्या देव्हाडी स्टेशनवरून गाडी पकडा. घरून शिदोरी न्या. दुसऱ्यांच्या पोरांना रोज जेवू घालणाऱ्या बायकांना मोर्च्यात कुणी जेवायला घालत नाही. यशवंत स्टेडियमजवळ जमायचं, घोषणा द्यायच्या, विधानभवनाच्या अलीकडं पोलीस अडवतील तिथं रस्त्यावर बसायचं. पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, आश्वासन घेऊन येतं. त्या दिवशी शाळेत बदली बाई ठेवायला विसरू नका.

मागण्या पाठ असाव्यात, म्हणजे माइक पुढं आला तर अडखळायला होत नाही. दहाऐवजी बारा महिन्यांचं मानधन. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. किमान वेतन. हातात नियुक्तीपत्र. पट घसरला म्हणून बाई काढायची नाही. पदार्थ वाढवले तर बायाही वाढवा. विमा, पेन्शन, बाळंतपणाची रजा.

यातलं काहीही नवं नाही, त्यामुळं भीड बाळगू नका. मे २०१३ मध्ये दिल्लीत ४५ वी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिघंही त्या टेबलाला होते. अंगणवाडी, आशा आणि माध्यान्ह भोजन या योजनांवर राबणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस तिथं झाली. त्या वर्षी तुमचं मानधन १००० रुपये होतं आणि त्यात केंद्राचा वाटा पाऊण हिश्श्याचा, ७५० रुपये. पुढं केंद्र-राज्य वाटणी साठ-चाळीस झाली. केंद्राचा वाटा आता ६०० रुपये आहे.